प्रश्न सातवा

चवथ होऊन गेली. मेरशीच्या भाटांत कोवळं ऊन,
माझ्याकडे क्लिपबोर्ड, त्रेचाळीस फॉर्म
आणि ऐन वाक्यात शाई ओकणारं पेन.
प्रश्न सातवा: तुमच्या दारातून वाहणारं पावसाचं पाणी
कुठे जावं, असं तुम्हाला वाटतं?
पर्याय चार. एकावरच खूण करा.

सगुण चोडणकर, गॅरेजवाला, म्हणाला,
जाऊं दे गो बाय, त्याच्या वाटेनं.
मग त्याचं त्यालाच दिसलं:
रॅम्पच्या कडेनं रस्त्याकडे निघालेली काळी रेघ.
चपलेनं तिच्यावर माती ओढली,
मांजर ओढतं तशी.
पर्याय दोन, म्हणाला. झाकलेलं गटार.
झाकलेलं बरं.

'समुद्रदर्शन रेसिडेन्सी'तून हायवे दिसतो.
सेक्रेटरी कुंकळ्येंकरबाईंनी चहा दिला, खाजीही दिली फेस्तातली.
आवारात पेव्हर, पेव्हरखाली सिमेंट,
सिमेंटखाली त्यांच्या सासऱ्यांचं वायंगण.
शोषखड्डा उत्तमच हो,
पण आमच्या आवारात नको, डास होतात.
दरमहा किती रुपये द्याल?
शंभर.
पलीकडच्या आवारात खणणार असाल तर दीडशे.

यल्लव्वाच्या खोलीच्या उंबऱ्यावर विटांचे तीन थर.
आम्हाला पण विचारतात?
विचारतात, मी म्हटलं.
ती बराच वेळ बालदीतल्या फेसाकडे बघत राहिली,
फेस हळूहळू बसला.
पाणी रात्री येऊ नये, ती म्हणाली.
दिवसा आलं तर उचलून ठेवतो आम्ही सगळं,
रात्री मुलं खाली झोपतात.
असा पर्याय नव्हता.
'इतर'समोर मी लिहिलं: रात्री नको.

मग आणखी घरं. काही कुत्री.
एकानं चारही पर्यायांवर खूण केली आणि सही मात्र नाकारली.

शेवटचं घर घर नव्हतं.
बांधावर एर्मेलिंद कार्दोज बसला होता,
ज्यानं तीन वर्षांसाठी मानस घेतली आहे पावणीत.
शाळेच्या पुस्तकात *ते* मानस: मन, इच्छा, मनातला बेत.
आमच्याकडे *ती*. बांधातलं लाकडी दार.
भरती चढली की पाण्याच्याच रेट्यानं मिटते,
ओहोटी लागली की उघडते,
कुणाचं मत न घेता.

फॉर्मच्या कपाळावर छापलं होतं: जनमानस सर्वेक्षण.
एर्मेलिंदनं बोट ठेवून, अक्षर लावून वाचलं.
ही खंयची मानस?
हिची पावणी कधी झाली?

त्याच्या जाळ्यात सहा कुर्ल्या होत्या,
थोडी सुंगटं, शॅम्पूची बाटली,
कुणाच्या तरी गणपतीची थर्माकोलची कमान.
एक कुर्ली त्यानं माझ्या नाकाशी धरली.
पेट्रोलपंपावर येतो तो वास.

मी सातवा प्रश्न वाचला. कुठे जावं, असं तुम्हाला—
जावं?
बाय, ते *येतं*. हांगा येतं.
बेचाळीस घरांनी सांगितलं ना तुला?
मला त्यांची उत्तरं गेल्या आयतारीच पोचली.

खूण कशावर करू, विचारलं.
तो कुर्ल्यांच्या नांग्या बांधत होता, दोरा दातात,
त्यामुळे काय म्हणाला ते कळलं नाही.

त्रेचाळिसावा फॉर्म मी स्वतःसाठी ठेवला होता.
नाव, वाडा, घरात माणसं किती.
वाहन: स्कूटर. ती मी धुऊन घेते सगुणकडेच,
दर गुरुवारी, फेस मारून.
सातव्यापाशी पेन फुटलं.

बांधाच्या आतल्या बाजूला वाकून बोटं धुतली.
भरती चढत होती. मानस कुरकुरली, मिटली.
पोंयीच्या पाण्यावर माझा निळा डाग
जरा लांबला, जरा पसरला,
आणि दार बंद होतं म्हणून
कुठेच गेला नाही.